आई बसलीय

१

अपूर्व फणसळकरच्या घरात एक वेळ चहाला उशीर होईल, पण आईच्या बसण्याला नाही. नाश्ता आटोपला की गुणाबाई शशिकलाबाईंना हाताला धरून उत्तरेकडच्या खोलीत नेई, खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत टेकवी, पायांखाली पाट सरकवी आणि मांडीवर धुतलेला पंचा पसरी. मग अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगे, "दादा, आजी बसल्या!"

गुणाबाईचा आवाजच तसा. उरणकडची बाई, वाऱ्यावर बोलायची सवय. शशिकलाबाईंचं न्हाणं, वेणीफणी, खाणंपिणं, सगळं तिच्याकडे होतं. अपूर्व आईला हात लावत नसे. म्हणजे तसं काही ठरवलेलं नव्हतं हो. औषधं आणायचा, डॉक्टरांना फोन करायचा, पपई चिरून द्यायचा. पण धरून उठवायची, बसवायची वेळ आली की त्याला नेमकं दुसरं काहीतरी काम आठवे. बायको होती तोवर तिने केलं, ती गेल्यावर गुणाबाई आली.

शशिकलाबाई पंच्याऐंशी ओलांडलेल्या. बोलणं गेल्या दोन-तीन वर्षांत आटत आटत बंदच झालं होतं. कोण आलं, कोण गेलं, काही पत्ता नसे. पनवेलातलं जुनं घर बिल्डरला देऊन त्याच जागी हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला, तेव्हा अपूर्वने उत्तरेची खोली भांडून घेतली होती. त्याचे वडील, चित्रकार कृष्णकांत फणसळकर, यांना उत्तरेचाच उजेड लागायचा. वडील जाऊन वीस वर्षं होऊन गेली होती, आता तो उजेड कुणाला हवा होता? पण त्या खोलीला अजून सगळे चित्रांची खोलीच म्हणत. भिंतीला टेकवलेले कॅनव्हास, टर्पेंटाइनचा वास मुरलेलं कपाट आणि खिडकीशी आई.

त्या सकाळी अपूर्व कानाला फोन लावून बोलत बोलत चालला होता. फोनवर मनस्वी होती. वडिलांच्या जन्मशताब्दीचं मोठं प्रदर्शन पनवेलच्या कलादालनात भरायचं होतं आणि चित्रांची मांडणी, खालच्या पाट्या, सगळं ही मुलगी बघत होती. हुशार होती, चौकसही होती.

"सर, मिठागरांच्या चित्रांतली ती बाई कोण होती? नाव मिळालं तर पाटीवर घालू."

"नाव कुणाला ठाऊक?" अपूर्व म्हणाला. "मिठागरावर कामाला येणारी कुणीतरी असेल. बाबा तिकडे स्केचेस करायला जायचे."

हे म्हणताना तो नेमका चित्रांच्या खोलीच्या दारात पोचला होता. सहज आत नजर गेली आणि तो थबकला.

आईचा उजवा हात वर होता. तळवा डोक्यावर, कोपर बाहेर, मान डाव्या खांद्याकडे वळलेली. डोक्यावरचं टोपलं सावरणाऱ्या बाईचा हात असतो तसा.

आता यात घाबरण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण शशिकलाबाईंचा उजवा खांदा आखडून किती वर्षं झाली होती! भांग पाडायलासुद्धा तो हात वर जात नसे. आणि आता वर होता, तर जराही थरथरत नव्हता.

"गुणाबाई!" अपूर्व ओरडला.

वरून विमान गेलं. नवा विमानतळ सुरू झाल्यापासून घरातल्या काचा दिवसभर खडखडायच्या. त्याने क्षणभर खिडकीकडे पाहिलं. पुन्हा बघतो तो आईचे दोन्ही हात मांडीवर, पंच्यावर, एकावर एक.

"काय झालं?" गुणाबाई हात पुसत आली. "बसल्यात की आजी. कशा गुमान बसल्यात बगा."

२

कृष्णकांत फणसळकर म्हणजे नवचित्रकलेचा पाया घालणारे, अशी वाक्यं तुम्ही पेपरात वाचली असतील. जाणकारांनी त्यांच्या आयुष्याचे पाच काळ पाडले होते. पहिला चेहऱ्यांचा. पनवेलचे वकील, डॉक्टर, भातगिरण्यांचे मालक त्यांच्यापुढे येऊन बसत आणि कृष्णकांत मिशीचा केस न् केस उतरवीत. लग्न झालं आणि दुसरा काळ सुरू झाला, मिठागरांचा. पांढरीफेक जमीन, जाड तपकिरी रेघ आणि डोक्यावर टोपलं घेतलेली एक बाई. अंगावर चिंधी नाही. मिठागरात कुणी बाई अशी राबत नव्हती हे साऱ्या तालुक्याला माहीत होतं. पण मुंबईच्या समीक्षकांना कोण सांगणार? त्यांनी डोक्यावर घेतलं.

मग तुकड्यांचा काळ आला. बाई तीच, पण हातातून पडलेल्या आरशात दिसावी तशी. नाक एकीकडे, कान दुसरीकडे, एकाच चेहऱ्याच्या दोन दिशा. त्यानंतर रेषांचा. पाच-सहा काळ्या रेघा, त्यांतून मान आणि पाठ तुम्ही ओळखून घ्यायची. आणि शेवटी रिकामा काळ. पांढऱ्यावर पांढरं, मध्ये एक वेताची खुर्ची. बस्स. बाई गेली. याला म्हणे अमूर्ताकडे प्रवास म्हणतात.

ती बाई शशिकला होती. सगळीकडे, मिठागरांपासून शेवटपर्यंत.

घरात हे कसं झाकलं, ते मात्र कुठल्या समीक्षकाला सुचायचं नाही. ती युक्ती अपूर्वच्या आजीची. कृष्णकांतांनी बायकोला आत घेऊन दार लावलं आणि नेमकं कुणी आलं, की आजी ओटीवरूनच सांगे, "सूनबाई बसलीय." एवढंच. आलेली बाई काय समजायची ते समजून जाई. कावळा शिवलाय, बाजूला बसलीय. मग कुणी आत डोकावत नसे, कुणी हाक मारत नसे. खोटंही बोललं गेलं नाही. ती बसलेलीच तर असे, फक्त कुठे आणि कशी ते सांगितलं नाही. चित्र अंगात आलं की महिन्यातले चार दिवस वाढत वाढत पंधरा होत. आळीतल्या बायका हळहळत. एकीने तर अशोकारिष्टाची बाटली आणून दिली होती.

लहानग्या अपूर्वला आजी दाराबाहेर थोपवून धरी. "आई बसलीय. शिवू नकोस हं तिला." तो दाराला कान लावून उभा राही. आतून ब्रशचा खसखस आवाज येई आणि मधूनच आईचा, दमलेला, "झालं का हो? उठू का?" त्यावर वडील म्हणत, "बस अजून."

दार उघडून आई बाहेर आली की तो धावे, आणि मग त्याला आठवे. तो हात मागे घेई. आई काही म्हणत नसे. चुलीकडे जाई.

पुढे शाळेत असताना एका मासिकात त्याने ते मिठागराचं चित्र पाहिलं. चेहरा वळलेला होता, तरी त्याने ओळखलं. आपल्या आईला कोण ओळखणार नाही? त्याच्या अंगाचं पाणी पाणी झालं. ते मासिक त्याने दप्तरात दडवलं, मग विहिरीत टाकलं. त्या दिवसापासून आज साठीला आला तरी, कुणी वडिलांच्या चित्रांचं कौतुक काढलं की याची मान खाली. लोकांना वाटे, केवढा विनय!

३

खरी गोम वेगळीच होती. अपूर्वची एकुलती एक मुलगी आभा, तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा उलव्याचा, प्रणित. आगरी घर. वडील तुळशीरामशेठ, पूर्वी मिठागरं, आता जमिनी आणि बांधकामं. आई सत्यवती, बोलायला मोकळी, हाताला सढळ. माणसं लाखमोलाची. पण प्रदर्शनाचं कळल्यावर तुळशीरामशेठ फोनवर म्हणाले, "आमी सगली येनार हाव बरं का. आमच्या मिठागरांची चित्रं हायत म्हनं!"

व्याही-विहीण त्या चित्रासमोर उभे राहणार. उघडी आई, आणि समोर व्याही. नुसत्या कल्पनेने त्याला घाम फुटे. बाबांना काय जात होतं? ते रंगवून मोकळे झाले. आईने का ऐकलं त्यांचं? असा राग येई, आणि राग आल्याची लाज वाटे, आणि त्या लाजेचा पुन्हा राग.

एका सकाळी आभा चित्रांच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. समोर तुकड्यांच्या काळातला एक कॅनव्हास, शेजारी खुर्चीत आजी. ती एकदा इकडे बघत होती, एकदा तिकडे.

"बाबा, एक विचारू? ही आजी आहे ना?"

सरळ विचारलं होतं पोरीने. आवाजात काही कडू नव्हतं, उलट मायाच होती. हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपत होती.

"काहीतरीच काय!" अपूर्व म्हणाला. "आजी कशी असेल? ती मिठागरावरची बाई होती. आजोबा होते तोवर आजीने कधी चित्रांच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही."

आभाने त्याच्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली आणि ऑफिसला गेली.

अपूर्व ओशाळून तिथेच उभा राहिला. मग आईकडे पाहिलं. आई खिडकीकडे तोंड करून बसली होती, तिचा गाल आणि कान त्याला दिसत होते. आणि दोन्ही डोळेही दिसत होते.

कपाटाच्या काचेत प्रतिबिंब पडलं असणार, त्याने स्वतःला बजावलं. दुसरं काय? बाजूचा चेहरा इकडचा, समोरचा काचेतला. तो दोन पावलं डावीकडे सरकला, काच मागे पडली. गाल खिडकीकडेच होता. डोळे त्याच्याबरोबर सरकले होते. एक थोडा वर, एक थोडा खाली, आणि त्यांच्या मधे नाक असायला हवं तिथे खांद्याचं हाड होतं.

"आजींना पानी पाजते," म्हणत गुणाबाई भांडं घेऊन आत शिरली, त्या सगळ्याच्या समोर वाकली आणि बरोबर कुठेतरी भांडं टेकवलं. पाणी गिळल्याचा आवाज आला. पदराने तिने काहीतरी पुसलं. "अगं माजी बाय, सांडतंस काय गं?" असं लाडाने म्हणालीसुद्धा.

४

अपूर्व डोळे तपासायला गेला. जाणारच. शिकलेला माणूस, बँकेत जन्म काढलेला, भुताखेताच्या नावाने नारळ फोडत बसणार नव्हता. डॉक्टरांनी थेंब घालून, भिंगातून बघून, अक्षरं वाचायला लावून सांगितलं, वयाच्या मानाने झकास आहेत डोळे. त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता, तर तो आणखीच कावराबावरा झाला.

घरी येऊन त्याने गुणाबाईला आडून विचारलं, "आईत काही फरक वाटतो का गं तुला?"

"फरक? उलट बरं चाललंय. काल माज्याकडं बगून हसल्या. तुमी बसत जा की जरा त्यांच्यापाशी. नुसतं दारातून बगून जाता, कलेक्टर आल्यावानी."

तो कानकोंडा झाला. बसत जा, म्हणे.

दुपारी मनस्वीने पाट्यांचा शेवटचा नमुना मोबाइलवर पाठवला. मिठागर मालिका, मॉडेल अज्ञात, बहुधा मिठागरातील मजूर स्त्री. खाली तिने लिहिलं होतं, सर, खात्री आहे ना? एकदा छापलं की तेच राहील. मला एका जुन्या फोटोत शशिकलाताईंची मान बघून जरा शंका आली होती.

अपूर्वने तो मजकूर पुन्हा वाचला. अज्ञात. बाबांनीही जन्मभर हेच सांगितलं होतं, त्यांना कुणी कधी हटकलं नाही. आता आपणच कशाला उकरायचं? लग्न पार पडू दे, मग बघू. आईला तरी काय कळतंय? त्याने 'खात्री आहे' असं लिहिलं आणि पाठवलं.

चित्रांच्या खोलीतून आवाज आला, "झालं का हो? उठू का?"

दोन वर्षांनी आईचा आवाज. म्हातारीचा नव्हे, तेव्हाचा. जाड दारापलीकडून यायचा तसा दबलेला, आणि दार तर सताड उघडं होतं. गुणाबाई गच्चीवर कपडे काढायला गेलेली. घरात दुसरं कुणी नव्हतं.

तो दारापर्यंत गेला. उत्तरेचा उजेड खोलीभर सारखा पसरला होता, कुठेही सावली नाही. खुर्चीत एक रेघ होती. मानेपासून निघून पाठीवरून खाली आलेली. दुसरी एक, गुडघ्याची. आणखी दोन-तीन. वेत दिसत होता त्यांच्या मधून, वेतामागची भिंत दिसत होती. पंचा मात्र गुडघ्याच्या रेघेवर नीट पसरलेला.

"उठू का?"

हात पुढे करावा, खांद्यावर ठेवावा, एवढंच करायचं होतं. हाताला अंग लागलं असतं तर सगळा खेळ मोडला असता. अपूर्वने हात उचललाही. पण साठ वर्षांची सवय कुठे जाते? शिवू नकोस हं तिला. बोटं आपोआप मिटली. आणि वर, आपण काय बोलतोय हे कळायच्या आत, त्याच्या तोंडून वडिलांचे शब्द निघून गेले.

"बस अजून."

रेघा जराशा खचल्या. वेत करकरला. अपूर्व न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिला.

५

उद्घाटनाला शशिकलाबाईंना नेणं भाग होतं. चित्रकाराच्या पत्नीचा सत्कार, शाल-श्रीफळ, पत्रिकेत छापलेलं. गुणाबाईने त्यांना मोतिया रंगाचं लुगडं नेसवलं, चाकांच्या खुर्चीत बसवलं. अपूर्वला लुगड्याच्या निऱ्या दिसत होत्या आणि वर चार रेघा. त्याने फक्त खुर्ची ढकलली. खुर्चीला हात लावायला कुणाची मनाई नव्हती.

कलादालन गच्च भरलं होतं. पहिल्या भिंतीवर मिशीवाले वकील, पुढे मिठागरं, मग तुकडे, रेघा, आणि टोकाला रिकाम्या खुर्चीचं मोठं चित्र. तुळशीरामशेठ पांढऱ्या सफारीत, सत्यवतीबाई अंगभर सोन्यात. सत्यवतीबाई आल्या आल्या चाकांच्या खुर्चीसमोर बसल्याच. वाकून पायांवर डोकं ठेवलं, मग वर तोंड करून बघत राहिल्या. "काय रूप हाय ओ आजींचं," म्हणाल्या. "तरुनपनी कशा असतील!"

मग सगळे मिठागराच्या चित्रापाशी पोचले. तुळशीरामशेठ हात मागे बांधून चित्राकडे बघत होते. पाटी वाचायला त्यांनी चष्मा चढवला.

"मजूर स्त्री," ते म्हणाले. "कुठच्या मिठागरावरची ओ ही? आमची आई, मावश्या, सगल्या मिठातच राबल्या. मना वलख पटल."

मनस्वी अपूर्वकडे बघत होती. आभा बघत होती. चाकांची खुर्ची त्याच्या मांडीला टेकलेली होती.

आता वाटेल, इथे तरी हा माणूस खरं बोलेल. समोरचा गृहस्थ आपल्या आईचं, मावश्यांचं नाव घेतोय. त्यांच्यातल्या कुणाला असं उघडं उभं करणं म्हणजे काय, हे याला कळत नव्हतं का? कळत होतं. चांगलं कळत होतं. पण तोंडाला जे वळण पडलं होतं तिकडेच ते गेलं.

"उरणकडची कुणीतरी होती," अपूर्व म्हणाला. "नाव नाही ठाऊक. तेव्हा या बाया पैशासाठी..." आणि त्याने वाक्य अर्ध्यावर सोडलं, पण जिथे सोडलं तिथून ते सगळ्यांना पुढे ऐकू आलं.

तुळशीरामशेठांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "हां," म्हणाले. सत्यवतीबाईंनी नवऱ्याच्या दंडाला हात लावला, आणि दोघं पुढच्या चित्राकडे गेली.

खालून, अपूर्वच्या कमरेपाशी, कुणीतरी एकदाच निःश्वास सोडला.

सत्कार झाला. पाहुण्यांनी शाल उलगडली आणि खुर्चीवर पांघरली. टाळ्या पडल्या. अपूर्वने पाहिलं, शाल कशालाही न अडता खाली गेली. वेताच्या नाही, चाकांच्या त्या खुर्चीच्या बैठकीवर घडी पडून बसली. नारळ तिच्यावर ठेवला तो गडगडत पाठीला टेकला. लुगडं नाही, रेघ नाही. रेक्झिनला मधे एक जुनी चीर होती, तीसुद्धा स्वच्छ दिसली.

"आई?" तो म्हणाला.

फोटोवाला ओरडला, "आजी, इकडे बघा! वा, वा! सर, तुम्ही जरा आजींच्या खांद्यावर हात ठेवा."

अपूर्वने हवेत हात धरला. नेमका किती उंचीवर धरायचा हे त्याला कळेना. लोक हसत, बघत होते. फोटो निघाला.

६

फोटोत आई आहे म्हणतात. आभाने फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय. येणारा-जाणारा म्हणतो, काय प्रसन्न दिसतायत आजी, आणि तुम्ही का असे भूत बघितल्यासारखे? अपूर्वला त्या फोटोत शाल पांघरलेली खुर्ची आणि अधांतरी हात धरून उभा राहिलेला एक म्हातारा दिसतो.

सगळं पूर्वीसारखंच चालू आहे. नाश्ता झाला की गुणाबाई हवेच्या दंडाला धरून, हवेशी गप्पा मारत चित्रांच्या खोलीत जाते. "दादा, आजी बसल्या!" पंचा पसरते. पाणी पाजते. अपूर्व 'बरं' म्हणतो. सांगणार कुणाला? आणि काय? की सगळ्यांना दिसते ती माझी आई मला दिसत नाही? विचारतील, कधीपासून? त्याचं उत्तर द्यायचं तर मग सगळंच सांगावं लागेल.

परवा उलव्याला केळवण झालं. पुरणपोळ्या, तांदळाच्या भाकऱ्या, माशांचे चार प्रकार, आग्रहावर आग्रह. जेवणं आटोपत आली तशा सत्यवतीबाई विडा द्यायला आल्या आणि अपूर्वच्या शेजारी टेकल्या. आवाज हळू केला.

"व्याही, राग नका मानू. त्या चित्रातली बाई म्हंजे आजी. मी पायावर डोकं ठेवून वर बगितलं ना, तवाच वलखलं. ह्यांनीपन. आभानी, त्या पाट्यावाल्या पोरीनी, सगल्यांनी वलखलं."

अपूर्वने हातातला विडा ताटाशेजारी ठेवला.

"त्यात लाजायचं काय होतं ओ? नवऱ्यासमोर बसली, त्यानं सोनं केलं. आमी तर म्हनलं असतं, आमची सून कुठच्या घरातून येतेय बगा. पन तुमी आमच्यातली म्हनालात. पैशासाठी म्हनालात. मग काय बोलनार? पोरांचं लगीन हाय, गप बसलो." आणि त्यांनी त्याच्या ताटाकडे बघून वाढपिणीला हाक मारली, "अगं, व्याह्यांना सोलकढी आन."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांना दिसत होतं. पहिल्यापासून. ज्यांच्यापासून झाकायचं म्हणून एवढा आटापिटा केला, त्यांनी बघून, ओळखून, त्याचीच लाज राखली होती. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

घरी आला तो तडक चित्रांच्या खोलीत गेला. दुपार होती, उत्तरेचा पांढरा उजेड. वेताची खुर्ची रिकामी, पायांखालचा पाट नीट ठेवलेला, पंचा दोन गुडघ्यांवर पसरल्यासारखा मधे खचलेला. भिंतीला टेकलेलं, घरी उरलेलं रिकाम्या काळातलं चित्र आणि ही खुर्ची, कुठली चित्रातली आणि कुठली खोलीतली हे सांगता येऊ नये अशी.

तो पाटापाशी खाली बसला.

"आई," तो म्हणाला, "ती तू होतीस. सगळीकडे तूच होतीस. मी उद्या सगळ्या पाट्या बदलायला लावतो, तुझं नाव घालायला लावतो. चुकलो गं मी. झालं आता. ऊठ. ऊठ ना."

विमान गेलं. काचा खडखडल्या, थांबल्या. मग वेत करकरला, अगदी हळू, कुणी खुर्चीत जरा मागे सरकून बसावं तसा.

अपूर्व रडत होता. पंचा जिथे खचला होता तिथे, गुडघा असेल अशा अंदाजाने, त्याने हात पुढे नेला. बोटांना ऊब लागली. खरीखुरी, माणसाच्या अंगाची. अजून चार बोटं पुढे गेला असता तर पोचला असता.

"शिवू नकोस रे बाळा," आई म्हणाली. रागाने नाही, दमलेल्या, समजावणीच्या सुरात. "मी बसलेय."

त्याने हात मागे घेतला. लहानपणी घ्यायचा तसाच, चटकन.